बुरशीविरोधी मलम सुरक्षितपणे कसं वापरायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गजकर्ण, जांघेतली खाज, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, अंगावरची शिबं ही सगळी बुरशीची दुखणी आहेत. थोड्या जागेपुरती असली तर बहुतेक वेळा ती नुसत्या मलमाने बरी होतात. तरीही कितीतरी जणांची ती पुन्हा पुन्हा उलटतात. पुष्कळदा औषध अर्ध्यावर सोडलेलं असतं, नाहीतर भलतीच ट्यूब वापरलेली असते. म्हणून खालच्या उत्तरांत या दोन गोष्टींवर मुद्दाम जास्त लिहिलं आहे. तुमच्या डॉक्टरांनी इथल्यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण त्यांनी तुमची त्वचा डोळ्यांनी पाहिली आहे.

हे मलम बुरशीचं नेमकं करतं काय?

बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा एक स्निग्ध पदार्थ असतो. तो नसेल तर आवरण गळकं होतं आणि पेशी वाढू शकत नाही. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, केटोकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल अशी ‘-अॅझोल’ने संपणारी औषधं हा पदार्थ तयार होण्याची एक पायरी अडवतात. टर्बिनाफिन त्याच्याही आधीची पायरी अडवतं. माणसाच्या पेशींत अर्गोस्टेरॉल नसतं, त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असतं. म्हणूनच ही मलमं बुरशीला भारी पडतात आणि आपल्या त्वचेला सहसा त्रास देत नाहीत. शिवाय त्वचेतून रक्तात जाणारं औषधाचं प्रमाण फार थोडं असतं.

गजकर्ण करणारी बुरशी केराटिनवर जगते. केराटिन म्हणजे त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर, केस आणि नखं ज्या प्रथिनाची बनतात ते. ही बुरशी साधारणपणे वरच्या थरातच राहते, त्यामुळे बाहेरून लावलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतं. मात्र केसाच्या मुळाशी किंवा नखाच्या आत ती शिरली, की मलमाचा हात तिथवर पोचत नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

मला झालंय ते बुरशीचंच आहे, हे कशावरून ठरतं?

कड उंच आणि लालसर, त्यावर बारीक कोंडा, मधला भाग त्यामानाने स्वच्छ, आणि हळूहळू बाहेरच्या बाजूला वाढत जाणारा गोल चट्टा असेल, तर गजकर्णाचा संशय घेतात. सावळ्या त्वचेवर ही लाली तपकिरी किंवा काळपट दिसू शकते. पण गोल दिसणारं सगळंच गजकर्ण नसतं. नाण्याच्या आकाराचं इसब, सोरायसिस, पिटिरियासिस रोझियाचा पहिला मोठा चट्टा, ग्रॅन्युलोमा अॅन्युलारे, या सगळ्यांनी भल्याभल्यांना चकवलं आहे. जांघेत एरिथ्राझ्मा नावाचा जिवाणूंचा संसर्गही अगदी बुरशीसारखा दिसतो.

शंका असेल तर डॉक्टर चट्ट्याच्या कडेचा कोंडा हलकेच खरवडून घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात का ते पाहतात. तपासणी सोपी आहे, दुखत नाही आणि लगेच होते. मात्र आधीच काही दिवस बुरशीविरोधी मलम लावलेलं असेल तर बुरशी असूनही ती दिसत नाही. म्हणून डॉक्टरांकडे जायचं ठरलंच असेल तर त्याआधी हाताला लागेल ते मलम चोपडू नका. लावून झालं असेल तर ते न लपवता सांगा आणि ट्यूब सोबत न्या.

एकाऐवजी दुसरं बुरशीविरोधी मलम वापरलं तर चालेल का?

विचारल्याशिवाय नको. बुरशीच्या जाती वेगळ्या आणि औषधांचा आवाकाही वेगळा. निस्टॅटिनचं उदाहरण घ्या. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांनी १९५० साली ते जगापुढे आणलं, आणि कॅन्डिडा या यीस्टवर आजही ते वापरतात. गजकर्णावर मात्र ते चालत नाही, कितीही दिवस लावा. उलट टर्बिनाफिन गजकर्णावर उत्तम चालतं, पण त्वचेवरच्या कॅन्डिडावर ते तितकं भरवशाचं नाही. अॅझोल औषधं दोन्हींवर चालतात, म्हणून निदान पक्कं नसताना डॉक्टर पुष्कळदा तीच लिहून देतात.

किती लावायचं आणि कुठपर्यंत?

आधी जागा साध्या पाण्याने, फार तर सौम्य साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडी करा. बोटांच्या बेचक्या, जांघा, स्तनांखालचा भाग, पोटाच्या घड्या इथे टॉवेल अलगद टिपून घ्यायचा, घासायचा नाही. ओल्या त्वचेवर मलम लावलं की ते घसरतं आणि अडकलेला ओलावा बुरशीलाच पोसतो.

मापासाठी बोटाचं पेर वापरतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सांध्याच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून एक सरळ रेघ काढली, की साधारण अर्धा ग्रॅम क्रीम येतं. बोटांसकट दोन तळहात झाकतील एवढ्या जागेला ते पुरतं. यापेक्षा जाड थर दिल्याने बुरशी लवकर मरत नाही, फक्त कपड्यांना डाग पडतात आणि ट्यूब लवकर संपते.

खरी चूक होते ती हद्दीत. बुरशी चट्ट्याच्या कडेला सर्वांत जोरात असते आणि कडेच्या पलीकडे, डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या त्वचेतही पसरलेली असते. म्हणून दिसणाऱ्या कडेच्या बाहेर चहूबाजूंनी २ ते ३ सेंटिमीटर मलम लागलं पाहिजे. नुसत्या लाल भागावर लावलं तर मधलं बरं होतं आणि बाहेरचं कडं मोठं होत जातं. लावताना बाहेरच्या निरोगी त्वचेकडून आत या, म्हणजे बोटाने बुरशी बाहेर नेली जात नाही. पायाला चिखल्या असतील तर फक्त दुखणाऱ्या बेचकीत नको, सगळ्या बेचक्यांत लावा. झालं की हात साबणाने धुवा. ज्या हातांवर उपचार चालू आहे त्यांनाच मलम लावलं असेल तर अर्थातच धुवायचं नाही.

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वरून घट्ट पट्टी किंवा प्लास्टिक बांधू नका. त्याने औषध जास्त शोषलं जातं आणि आत घाम साचतो.

चार दिवसांत खाज थांबली. आता बंद करू का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात राहणार असेल तर ते हे असू द्या.

खाज ही बुरशीची हजेरी नव्हे. बुरशीविरुद्ध आपल्या शरीराने उठवलेला तो ओरडा आहे. बुरशीची संख्या थोडी कमी झाली तरी ओरडा शांत होतो, लाली उतरते, कोंडा झडतो. पण त्या वरच्या थरात जिवंत धागे आणि बीजाणू शिल्लक असतात. अशा वेळी मलम थांबवलं की काही आठवड्यांत त्याच जागी किंवा जरा बाजूला नवं कडं उठतं, आणि माणूस म्हणतो, ‘ते औषध मला लागू पडलं नाही.’ औषध लागू पडलं होतं, ते पुरतं वापरलं गेलं नव्हतं.

त्वचेचा वरचा थर पूर्ण बदलायला साधारण महिनाभर लागतो. बुरशी त्या थरात रुतलेली असते. ती कमजोर झाली तरी थराबरोबर झडून जाईपर्यंत तिला डोकं वर काढू द्यायचं नाही, एवढ्यासाठी आठवडे मोजायचे. म्हणून पहिल्या दिवशीच शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्वचा कितीही छान दिसली तरी त्या तारखेपर्यंत लावत राहा.

मग एकूण किती दिवस?

ते औषधावर आणि जागेवर ठरतं. क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोल साधारणपणे दिवसातून दोनदा लावतात. अंगावरच्या आणि जांघेतल्या गजकर्णाला २ ते ४ आठवडे, पायाच्या चिखल्यांना बहुधा ४ आठवडे. चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी १ ते २ आठवडे लावायला सांगितलं जातं. टर्बिनाफिनचा मुक्काम त्वचेत जास्त काळ टिकतो, म्हणून त्याला पुष्कळदा १ ते २ आठवडे पुरतात. ल्युलिकोनॅझोल दिवसातून एकदाच लावायचं असतं. हे आकडे अंदाज यावा म्हणून दिले आहेत. दुखणं जुनं असेल, खूप पसरलं असेल किंवा आधी स्टिरॉइड लावलेलं असेल तर डॉक्टर मुदत वाढवतात, आणि ती वाढवायलाच हवी.

घरात एक ट्यूब आहे, लावली की एका दिवसात आराम पडतो. तीच वापरू का?

ती ट्यूब उचला आणि बारीक अक्षरांतले घटक वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर त्या मलमात स्टिरॉइड आहे. एका दिवसात आराम देणारा बहुधा तोच असतो. ट्यूबवर बुरशीविरोधी औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत असलं तरी आत स्टिरॉइड आणि शिवाय एखादं जंतुविरोधी औषध मिसळलेलं असू शकतं.

स्टिरॉइड वाईट नाही. इसब, सोरायसिस यांसारख्या आजारांत ते फार मोलाचं औषध आहे. पण बुरशीवर ते उलटं काम करतं. त्वचेची प्रतिकारशक्ती दाबून ते खाज आणि लाली लगेच घालवतं, आणि त्याच वेळी बुरशीला मोकळं रान देतं. चट्टा फिका पडतो, कड पुसट होते, पण बुरशी पसरत राहते. मलम थांबवलं की खाज दुप्पट होऊन परत येते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. या चक्रात महिनेच्या महिने, कधी वर्षं जातात. शेवटी चट्ट्याचं रूप इतकं बदलतं की गजकर्ण ओळखूच येत नाही. कड्याच्या आत कडं दिसतं, पुळ्या येतात, मोठे अनियमित पट्टे उठतात. १९६८ साली डॉक्टरांनी या अवस्थेला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ म्हणजे वेषांतर केलेलं गजकर्ण असं नाव दिलं, आणि त्वचारोगतज्ज्ञांना आजही ते पाहावं लागतं.

दुसरं नुकसान कायमचं असतं. जांघ, काख, चेहरा इथली त्वचा पातळ असते. तिथे कडक स्टिरॉइड आठवडेच्या आठवडे लावलं की त्वचा कागदासारखी होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि गरोदरपणात पोटावर उठतात तसे लांब व्रण पडतात. नंतर ते फिके होतात, पण पूर्ण जात नाहीत. तरुण मुलामुलींच्या जांघांवर हे व्रण दिसतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण त्यांनी मागितला होता तो फक्त खाजेवरचा उपाय.

कधीकधी डॉक्टर फार सुजलेल्या चट्ट्यावर सुरुवातीचे मोजके दिवस सौम्य स्टिरॉइड असलेलं मलम देतातही. तो त्यांचा निर्णय, त्यांच्या देखरेखीखाली आणि ठरलेल्या मुदतीपुरता. स्वतःच्या मनाने किंवा ओळखीच्या कुणी सांगितलं म्हणून अशी ट्यूब सुरू करू नका. आणि बराच काळ वापरत असाल तर लाजून गप्प बसू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज आणि लाली वाढू शकते. ती वाढ अपेक्षित असते आणि तिच्यासाठी वेगळी औषधं देता येतात.

मलम लावल्यावर आग होते. थांबवावं का?

पहिल्या एकदोन दिवसांत, विशेषतः खाजवून सोललेल्या त्वचेवर, थोडी चुणचुण होते आणि काही मिनिटांत जाते. तेवढ्यासाठी थांबू नका. पण प्रत्येक वेळी आग वाढत गेली, मलम लावलेल्या संपूर्ण भागावर लाली, सूज किंवा बारीक पाण्याचे फोड आले, तर ती अॅलर्जी असू शकते. औषधाचीच असते असं नाही. मलम बांधणाऱ्या सेटोस्टिअरिल अल्कोहोल, बेन्झिल अल्कोहोल, प्रॉपिलीन ग्लायकॉल अशा पदार्थांनीही त्वचा चिडते. अशा वेळी मलम धुऊन टाका, लावणं थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. ते दुसऱ्या आधारात बनवलेलं औषध देऊ शकतात. ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास घ्यायला त्रास झाला, तर वाट न पाहता तातडीच्या उपचारासाठी निघा.

क्रीम, ऑइंटमेंट, जेल, लोशन, पावडर यांत फरक काय?

क्रीम त्वचेत जिरतं आणि बहुतेक जागी चालतं. ऑइंटमेंट तेलकट असतं, कोरड्या आणि भेगाळलेल्या तळव्यांना बरं, पण घाम येणाऱ्या घड्यांत नको. लोशन, जेल किंवा स्प्रे केसाळ भागाला सोयीचे. पावडर एकटी पुरेशी नसते. चिखल्या बऱ्या झाल्यावर पाय आणि बूट कोरडे ठेवायला तिचा उपयोग होतो.

ज्या मलमांत पॅराफिन जास्त असतं ती कपड्यांत मुरतात, आणि असे कपडे ज्योतीजवळ गेले की पटकन पेट घेतात. ऑइंटमेंट लावून विडी-सिगारेट ओढणं किंवा उघड्या आगीजवळ काम करणं टाळा.

डोक्यात किंवा नखात बुरशी आहे. हेच मलम चालेल?

डोक्यातल्या गजकर्णाला नाही. बुरशी केसात आणि केसाच्या मुळात असते, म्हणून पोटात घ्यायचं औषध लागतं. ग्रिसिओफल्विन किंवा टर्बिनाफिन ही त्यातली नेहमीची नावं. औषधी शाम्पू सोबत देतात, तो मुख्यतः इतरांना लागण होऊ नये म्हणून. मुलांच्या डोक्यात टक्कल पडलेला, कोंडा धरलेला चट्टा दिसला तर मलमात दिवस घालवू नका. उशिरा उपचार झाले तर सूज खोलवर जाते आणि काही ठिकाणी केस पुन्हा उगवत नाहीत.

नखाचं मलम वेगळं असतं. अॅमोरोल्फिन किंवा सायक्लोपिरॉक्स असलेलं नखाला लावायचं लॅकर थोड्या भागातल्या, नखाच्या मुळापर्यंत न गेलेल्या बुरशीसाठी वापरतात, आणि तेही कित्येक महिने. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला १२ ते १८ महिने लागतात, तेव्हा धीर लागतोच. बरीच नखं बिघडली असतील तर गोळ्यांचा विचार करावा लागतो. गोळ्या सुरू करण्याआधी नखाची तपासणी करून बुरशीची खात्री करून घ्यावी असं मी आग्रहाने म्हणेन, कारण जाड आणि पिवळं नख सोरायसिसनेही होतं, सततच्या दाबानेही होतं.

शिबांवर औषध लावलं, तरी पांढरे डाग आहेतच. औषध फुकट गेलं का?

नाही. शिबं मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टमुळे येतात. ती सगळ्यांच्याच त्वचेवर असते आणि काहींच्या अंगावर जास्त फोफावते. औषधाने यीस्ट आटोक्यात येते, पण त्वचेचा रंग भरून यायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. डागावर नख फिरवून पाहा. पिठासारखा कोंडा निघत नसेल तर बहुधा काम झालेलं आहे, आता फक्त रंगाची वाट पाहायची. पाठ आणि छाती एवढ्या मोठ्या भागाला ट्यूब पुरत नाही, म्हणून डॉक्टर केटोकोनॅझोल किंवा सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू अंगाला लावून काही मिनिटांनी धुवायला सांगतात. शिबं पुन्हा येण्याची सवय असते. त्यात तुमच्या स्वच्छतेचा दोष नाही, आणि ती माणसामाणसांत गजकर्णासारखी पसरत नाहीत.

नीट लावतोय, तरी फरक नाही. आता?

अंगावरच्या चट्ट्यावर २ आठवडे आणि पायावर ४ आठवडे नियमाने लावूनही सुधारणा नसेल तर स्वतःच ट्यूब बदलत बसू नका, परत दाखवा. निदान चुकलेलं असू शकतं. हद्दीबाहेर लावलं जात नसेल. घरातल्या दुसऱ्या कुणाकडून किंवा स्वतःच्याच पायावरून जांघेत पुन्हा लागण होत असेल. ट्यूबमध्ये स्टिरॉइड असेल.

आणि खरोखरच औषधाला दाद न देणारी बुरशीही आता आहे. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या नावाने २०२० मध्ये वर्णन झालेली जात अंगभर पसरते, आणि तिच्या अनेक नमुन्यांवर टर्बिनाफिन चालत नाही. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) नेम धरतं, त्याच्या जनुकात बदल झालेला असतो. अशा वेळी बुरशी वाढवून केलेली तपासणी आणि इट्राकोनॅझोलसारखी पोटातली औषधं लागतात, तीही लांब मुदतीची. मलमावर मलम बदलून यातून सुटका होत नाही.

पायाला औषध चालू आहे आणि आता हातावर खाजरे फोड आले. अॅलर्जी झाली का?

होऊ शकते, पण आणखी एक शक्यता कमी लोकांना ठाऊक असते. पायावरच्या बुरशीविरुद्ध शरीर जोराने झगडू लागलं की लांबच्या जागी, बहुधा तळहातांवर आणि बोटांच्या कडांना, बारीक पाण्याचे फोड येतात. त्या फोडांत बुरशी नसते. पायाचा संसर्ग बरा झाला की ते आपोआप बसतात. अशा वेळी घाबरून पायाचं मलम बंद करणं म्हणजे नेमकं उलट पाऊल. डॉक्टरांना हात आणि पाय दोन्ही दाखवा. नुसते हात दाखवले तर मूळ कारण निसटून जातं.

गरोदर आहे, किंवा बाळाला पाजते आहे. चालेल का?

क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल आणि निस्टॅटिन त्वचेवर लावण्यासाठी गरोदरपणात बऱ्याच काळापासून वापरात आहेत आणि सहसा त्यांनाच पसंती देतात. तरी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगायचंच, कारण मोठ्या भागावर लावायचं असेल किंवा गोळ्यांचा विषय निघाला तर गणित बदलतं. पाजणाऱ्या आईने स्तनाग्राच्या आसपास कुठलंही मलम विचारल्याशिवाय लावू नये. बाळाच्या तोंडात ते जाऊ शकतं.

लहान मुलांसाठी काही वेगळी काळजी?

मुलांची त्वचा पातळ आणि शरीराच्या मानाने तिचा पसारा मोठा, त्यामुळे औषध जास्त शोषलं जातं. वयानुसार कुठलं औषध चालतं ते डॉक्टरच ठरवतील. लंगोट किंवा डायपरच्या जागी मांड्यांच्या घडीत गडद लाली आणि आजूबाजूला सुटे लाल ठिपके असतील तर ती बहुधा कॅन्डिडा असते. मलमाचा पातळ थर द्या, बाळाला दिवसातून काही वेळ उघडं ठेवा, ओलं झालं की लगेच बदला. या जागी स्टिरॉइड असलेलं मलम तर अजिबात स्वतःहून नको. घट्ट डायपरखाली ते पट्टी बांधल्यासारखं आत शोषलं जातं.

मधुमेह आहे. मलमावर भागेल?

कदाचित भागेल, पण दाखवून घ्या. चिखल्यांच्या भेगेतून जिवाणू आत शिरतात आणि पायाला पसरणारी सूज येते. मधुमेहात ती झपाट्याने वाढते, आणि पायाला बधिरता असेल तर कळतही नाही. रोज बोटांच्या बेचक्या डोळ्यांनी पाहा. दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. घड्यांमध्ये किंवा जननेंद्रियावर कॅन्डिडा पुन्हा पुन्हा होत असेल आणि मधुमेहाचं निदान झालेलं नसेल, तर रक्तातली साखर तपासायला हवी.

पाय गरम आणि लाल होऊन सुजला, पू आला, लाल रेघ वर सरकू लागली, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, मधुमेह असो वा नसो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्यांनी आणि डोळ्याजवळ चट्टा आलेल्यांनीही वाट पाहू नये.

दुसऱ्या औषधांशी याचं पटतं का?

बहुतेकांशी पटतं. ठळक अपवाद मायकोनॅझोल आणि वॉरफरिनचा. मायकोनॅझोलमुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढू शकतो. तोंडात लावायच्या जेलने हा धोका जास्त, पण त्वचेवरच्या वापरातही सावध राहायला सांगतात. वॉरफरिन घेत असाल तर दुसरं मलम मागा किंवा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या) तपासणीबद्दल विचारा.

केटोकोनॅझोलबद्दल भीतीने विचारणारे बरेच भेटतात. २०१३ मध्ये यकृताला होणाऱ्या इजेमुळे युरोपात आणि अमेरिकेत त्याच्या गोळ्यांवर निर्बंध आले, ते खरं आहे. क्रीम आणि शाम्पूला तो इशारा लागू नाही.

जननेंद्रियाजवळ किंवा योनीमार्गात वापरायच्या काही मलमांमुळे लॅटेक्सचे कंडोम कमकुवत होतात. उपचार संपेपर्यंत आणि त्यानंतरचे काही दिवस त्यांच्यावर विसंबू नका.

घरातल्यांना लागू नये म्हणून काय करायचं?

टॉवेल, कंगवा, मोजे, आतले कपडे वेगळे. कपडे आणि चादरी शक्यतो ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवा, कारण बीजाणू कपड्यांत आणि जमिनीवर बराच काळ तग धरतात. पायाला चिखल्या असतील तर आधी मोजे घाला, मग आतली चड्डी. नाहीतर तीच बुरशी कपड्याबरोबर जांघेत चढते. घरात कुणाला खाज असेल तर त्यांनाही एकाच वेळी तपासून उपचार द्या, एकेकाने पाळीपाळीने बरं होण्यात अर्थ नाही. मांजर किंवा कुत्र्याचे केस चट्ट्याचट्ट्यांनी गळत असतील तर त्याला पशुवैद्याकडे न्या. कुस्तीसारख्या अंगाला अंग लागणाऱ्या खेळात किमान ७२ तास उपचार होईपर्यंत बाहेर बसायची पद्धत आहे.

एक वेळ लावायचं राहिलं तर?

आठवलं की लावा. पुढची वेळ जवळच आली असेल तर तीच धरा. भरपाई म्हणून दुप्पट लावू नका.

चुकून डोळ्यात किंवा तोंडात गेलं तर?

डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा, झोंबणं किंवा धूसर दिसणं राहिलं तर दाखवा. मुलाने ट्यूब चोखली असेल तर उलटी करवू नका, तोंड पुसून घ्या आणि ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा.

उरलेली ट्यूब पुढच्या वेळेसाठी ठेवू का?

ठेवायचीच असेल तर झाकण घट्ट लावून, उष्णतेपासून दूर, वेष्टनासकट ठेवा आणि त्यावर कुणाला, कशासाठी, कधी दिली ते लिहा. मुदत उलटली, रंग किंवा वास बदलला, पाणी सुटलं तर टाकून द्या. दुसऱ्याला देऊ नका, त्याचा चट्टा तुमच्यासारखा दिसत असला तरीही. आणि तुमचं स्वतःचं दुखणं उलटलं तर ती ट्यूब सुरू करण्याआधी एकदा कोंड्याची तपासणी करून घ्या.